दयानंद बांदोडकर आणि गोमंतकातील भाषानिष्ठेचा प्रश्न

दयानंद बांदोडकर (१९११–१९७३) ह्यांच्या राजकीय कार्याचे मूल्यमापन बहुधा दोन टोकांवरून झालेले आहे. काहींना ते बहुजनसमाजाचे उद्धारकर्ते वाटतात, तर काहींना गोमंतकाचे पृथक् अस्तित्व पुसून टाकू पाहणारे नेते. परस्परविरोधी असूनही ह्या दोन्ही मतांच्या मुळाशी एकच गृहीतक आहे. ते असे की, मराठीवरील निष्ठा म्हणजेच महाराष्ट्रात विलीन होण्याची इच्छा. बांदोडकरांची कारकीर्दच ह्या गृहीतकाला बाध आणते.

पोर्तुगीज सत्ता १९६१ च्या डिसेंबरात संपली. दोन वर्षांनी झालेल्या पहिल्या निवडणुकीत महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष विजयी झाला आणि बांदोडकर पहिले मुख्यमंत्री झाले. विलीनीकरण हे पक्षाचे घोषित ध्येय होते. परंतु १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरुद्ध १,७२,१९१ मते पडली. ध्येय असे नाकारले गेल्यावर पक्ष मोडावयास हवा होता. प्रत्यक्षात त्याच वर्षी मार्चमध्ये तो पुन्हा निवडून आला, १९७२ मध्येही जिंकला आणि बांदोडकरांच्या निधनानंतर १९७९ पर्यंत सत्तेवर राहिला.

ह्या विसंगतीचा काही भाग मतगणनेच्या पद्धतीने उलगडतो. कौलात साऱ्या मतांची एकत्र बेरीज झाली, तर निवडणुकीत प्रत्येक मतदारसंघाचा निकाल स्वतंत्र लागला. तथापि बारा वर्षांच्या सत्तेचा उलगडा तेवढ्याने होत नाही. त्यासाठी १९६४ चा कूळ कायदा आणि गावोगावी निघालेल्या मराठी प्राथमिक शाळा विचारात घ्याव्या लागतात.

येथे भाषाशास्त्रीय दृष्टी उपयोगी पडते. गोमंतकातील हिंदू बहुजनांच्या घरी कोकणी होती. भजन, कीर्तन, पोथी आणि अक्षरओळख मात्र मराठीतून होत असे. चार्ल्स फर्ग्युसन ह्यांनी १९५९ मध्ये एकाच भाषेच्या दोन रूपांमधील अशा कार्यविभागणीचे विवेचन केले. पुढे जोशुआ फिशमन ह्यांनी ती संकल्पना भिन्न भाषांनाही लागू केली. त्यामुळे कोकणी ही बोली की भाषा, हा त्या काळी अटीतटीचा ठरलेला वाद ह्या प्रश्नापुरता गौण ठरतो. शिक्षणापासून दूर राहिलेल्या कुळाला मराठी हवी होती ती प्रतिष्ठेची आणि ज्ञानाची भाषा म्हणून. राज्याची सीमा बदलण्याचे साधन म्हणून ती हवी असेलच असे नव्हे.

बांदोडकरांनी ही आकांक्षा अचूक ओळखली, हे त्यांचे मोठेपण. तिचा राजकीय अर्थ लावताना मात्र त्यांची गफलत झाली. कोकणीच्या, विशेषतः रोमन लिपीतून ती लिहिणाऱ्या ख्रिस्ती समाजाच्या, अस्मितेला त्यांच्या भाषाविचारात पुरेसे स्थान मिळाले नाही. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणीला राजभाषेचे स्थान दिले आणि शासकीय कामकाजात मराठीच्या वापरालाही वाव ठेवला. रोमन लिपीचा प्रश्न त्यानेही सोडविला नाही.

सारांश, मातृभाषा, शिक्षणभाषा आणि राजकीय निष्ठा ह्या तीन स्वतंत्र गोष्टी होत. जनगणनेतील भाषाविषयक आकड्यांवरून लोकेच्छेचा निष्कर्ष काढणाऱ्या अभ्यासकाने गोमंतकाचे हे उदाहरण दृष्टीआड करता कामा नये.