'मत्तविलासां'तील उपहास व त्याचें प्रामाण्य

धर्मपुरुषांच्या उपहासावरून वाद उद्भवला कीं, प्राचीन भारतांत अशा उपहासास पूर्ण मुभा होती असें म्हणणारा पक्ष 'मत्तविलास' प्रहसनाचा दाखला पुढें करतो. सातव्या शतकांत कांचीच्या महेंद्रवर्मा पल्लवानें रचलेलें हें प्रहसन टी. गणपतिशास्त्री यांनीं १९१७ सालीं त्रिवेंद्रम संस्कृत मालेंत छापून प्रसिद्ध केलें. त्या दाखल्याचें वजन किती, एवढेंच आम्हांस येथें पाहावयाचें आहे.

सत्यसोम नांवाचा कापालिक मद्याच्या धुंदींत आपलें कपालपात्र गमावतो व नागसेन भिक्षूवर चोरीचा आळ घेतो. बभ्रुकल्प पाशुपत मध्यस्थी करतो. अखेर कुत्र्यानें पळविलेलें तें पात्र एका वेड्याजवळ सांपडतें. मद्य व स्त्री यांस अनुज्ञा देणारा मूळ पाठ वृद्ध स्थविरांनीं तरुणांच्या मत्सरानें गाळला असावा, असा नागसेनास संशय असून, तो अखंड पाठाच्या शोधांत आहे! इष्ट वचन न मिळाल्यास पोथीच भ्रष्ट ठरविण्याची ही खोड आम्हां संशोधकांसही अगदींच अपरिचित नाहीं.

येथें उपहास केवळ अनुयायांचा आहे, संस्थापकाचा नाहीं, असें कोणी म्हणतात. तें खरें नव्हे. बुद्धानें वेदान्त व महाभारत यांतून अर्थ चोरून आपला कोश भरला, असा उघड टोला त्यांत आहे. मात्र तो मद्यप्याच्या तोंडीं, भांडणाच्या भरांत आलेला आहे. तो सुटा काढून कवीच्या माथीं मारणें न्याय्य नव्हे. तात्पर्य उपक्रम व उपसंहार पाहून ठरवावें, ही मीमांसकांची रीत. येथें उपक्रमांत कपाली शिवाचें स्तवन आहे, आणि उपसंहारांत भांडणारांचा समेट. तेव्हां रोख दंभावर आहे, हें स्पष्ट होतें.

तथापि एवढ्यावरून सार्वत्रिक वाक्स्वातंत्र्य सिद्ध होत नाहीं. कवि स्वतः राजा होता. राजाच्या विनोदावरून प्रजेच्या अधिकाराचें अनुमान करणें हा हेत्वाभास होय. काश्मीरच्या शंकरवर्मा राजानें नवव्या शतकाच्या अखेरीस नीलांबर पंथाचे आचार बंद पाडले, हें जयंतभट्टानेंच नमूद केलें आहे. सहिष्णुता व दंड या दोहोंचेही दाखले परंपरेंत आहेत; सोयीचा तेवढा उचलणें हें संशोधन नव्हे.

१९२७ सालीं दंडविधानांत घातलेल्या २९५-अ कलमानें नुसतें मन दुखावणें गुन्हा ठरविलें नाहीं. बुद्धिपुरस्सर व दुष्ट हेतु आवश्यक मानला. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ मध्यें तेंच तत्त्व कायम आहे. हेतु ठरवावयाचा तर सबंध ग्रंथ वाचावा लागतो, आणि बहुतेक गदारोळ ग्रंथ न वाचणारेच करतात. श्रद्धाळूचें दुःख खोटें नसतें. परंतु तें लेखकाच्या दुष्ट हेतूचा पुरावा होत नाहीं.

शिवोपासकाची यथेच्छ थट्टा करणारें हें प्रहसन केरळांतील चाक्यार मंदिरांतून सेवा म्हणून करीत आले, ही गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. आम्हां संग्राहकांचें कर्तव्यही त्यावरून स्पष्ट होतें: उपहास करणारी पोथी व तिचें खंडन करणारी पोथी, दोन्ही एकाच बासनांत जपून ठेवाव्या.