पावसाचे गाऱ्हाणे आणि परीराणी : ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’मधील टायटेनियाचे भाषण

या टिपणात आपण शेक्सपिअरच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ या सुखात्मिकेतले एकच भाषण पाहणार आहोत. दुसऱ्या अंकाच्या पहिल्या प्रवेशात परीराणी टायटेनिया आपल्या नवऱ्याला, ओबेरॉनला, बिघडलेल्या हवामानावरून सुनावते, ते हे भाषण. ते सुमारे ३७ ओळींचे आहे. परीक्षेच्या दृष्टीने वाचणारे बहुतेक जण त्यावर ‘निसर्गवर्णन’ असा शिक्का मारून पुढे सरकतात, कारण कथानक त्यावाचून अडत नाही. माझे म्हणणे असे आहे की नाटकातला सर्वांत अवघड प्रश्न याच भाषणात विचारला गेला आहे आणि शेवटपर्यंत त्याचे उत्तर आलेले नाही.

आधी ऋतूची अडचण दूर करू. तुम्ही नागपूरला असा, चेन्नईला किंवा गुवाहाटीला, ‘वसंत’ म्हटले की मनात येतो तो मोहोर, कोकिळा आणि चढते ऊन. कालिदासाच्या ‘ऋतुसंहारा’त वसंत शेवटच्या सर्गात येतो आणि तो प्रेमिकांचा ऋतू आहे. इंग्लंडमधला वसंत हा साधारण मार्च ते मे. थंडी ओसरायची, जमीन नांगर चालेल इतकी सुकायची, जव आणि ओट पेरायचे, मेंढ्यांना कोवळे गवत मिळायचे, असा तो कामाचा ऋतू. तो गारठलेला आणि ओलाचिंब गेला तर कवीचा हिरमोड होतो हे खरे, पण त्याआधी पेरणी लांबते. म्हणून हे भाषण वाचताना आपला वसंत बाजूला ठेवा आणि अवकाळी पाऊस आठवा. २०१४ च्या फेब्रुवारीअखेरीस आणि मार्चमध्ये महाराष्ट्रात गारपिटीने उभी रब्बी पिके आणि फळबागा आडव्या केल्या. ज्याच्या घरी ते घडले त्याला टायटेनियाचे भाषण समजावून सांगावे लागणार नाही.

नाटकाच्या नावात उन्हाळ्याचा मध्य आहे, म्हणजे २४ जूनच्या सुमाराची रात्र. संहितेत मात्र चौथ्या अंकात रानात झोपलेली प्रेमिकांची जोडपी पाहून थीसियस म्हणतो की ही मुले मे महिन्याचा विधी पाळायला पहाटे उठून आली असावीत. नाटकाची वेळ अशी वसंत आणि उन्हाळ्याच्या सीमेवर रेंगाळते. जिथे ऋतूच ठरत नाही अशा नाटकात ऋतू बिघडल्याची तक्रार यावी, हे मला योग्यच वाटते.

आता भाषणात काय आहे ते पाहू. वाऱ्यांनी समुद्रातून रोगट धुके ओढून आणले आणि जमिनीवर ओतले. लहानसहान नद्यासुद्धा ताठरल्या आणि काठ सोडून पसरल्या. बैलाने जू ओढले ते फुकट, नांगऱ्याचा घाम फुकट. हिरवे पीक कुसळ धरण्याआधीच कुजले. इथे शेक्सपिअर कुसळाला दाढी म्हणतो. आपण म्हणू, मिसरूड फुटण्याआधीच पोर गेले. बुडालेल्या शेतात मेंढवाडा रिकामा पडला आहे आणि रोगाने मेलेल्या मेंढ्या खाऊन कावळे माजले आहेत. मग एक तपशील येतो जो माझ्या मते साऱ्या भाषणातला सर्वांत बोलका आहे : हिरवळीवर खणलेला ‘नाइन मेन्स मॉरिस’चा पट चिखलाने भरून गेला आहे. हा खेळ आपल्याला परका नाही. आपण त्याला नवकंकरी म्हणतो आणि त्याचे कोरलेले पट जुन्या देवळांच्या फरशीवर आजही दिसतात. इंग्लंडमधले गुराखी आणि शेतमजूर तोच पट गवतात कापून घेत. देवळाची फरशी पावसात धुऊन निघते. गवतातला पट चिखलात बुजतो. त्यापुढे टायटेनिया सांगते की हिरवळीवरच्या चक्रव्यूहाच्या वाटा पुसट झाल्या, कारण त्यांवरून चालायला कोणी येत नाही. भाकरी गेली, हे आधी सांगून झाले आहे. आता खेळही गेला. दुष्काळाची वर्णने लिहिणारे बहुधा पहिल्यावर थांबतात.

याच ठिकाणी पाठाची एक जुनी अडचण आहे. छापील जुन्या प्रतींत माणसांना ‘त्यांचा इथला हिवाळा’ मिळत नाही अशा अर्थाचा पाठ आहे. अठराव्या शतकातल्या थिओबाल्ड या संपादकाने शेवटच्या ‘हिअर’ या शब्दाच्या जागी ‘चिअर’ सुचवला, म्हणजे माणसांना हिवाळ्यातली मौज मिळत नाही. पुढच्याच ओळीत रात्रींना आता भजन-गाण्यांचा आशीर्वाद उरला नाही असे येते, म्हणून त्याची सूचना सोयीची वाटते. मला जुना पाठ अधिक आवडतो. उन्हाळ्याच्या तोंडाशी गारठलेली माणसे धड हिवाळ्यालाही मुकली आहेत. हिवाळ्यात निदान शेकोटी आणि सणाची गाणी तरी असतात. अशी वैतागलेली तक्रार कोणत्याही गावच्या पारावर ऐकू येईल.

या भाषणाचे स्पष्टीकरण देण्याच्या दोन रूढ वाटा आहेत. पहिली इतिहासाची. नाटक साधारण १५९५-९६ मधले मानले जाते. जॉन स्टो या इतिवृत्तकाराने १५९४ च्या मे महिन्यात जोराच्या सरी आणि जून-जुलैत त्याहूनही अधिक पाऊस नोंदवला आहे. सायमन फोरमन या लंडनच्या ज्योतिषी-वैद्याने त्याच वर्षीच्या उन्हाळ्यातली हिवाळ्यासारखी थंडी टिपली आहे. त्यानंतर लागोपाठ पिके बुडाली, गव्हाचे भाव दुपटीहून वर गेले. इंग्लंडमधल्या बांधकाम मजुरांच्या खऱ्या मजुरीचा सात शतकांचा जो आलेख अर्थशास्त्राचे अभ्यासक वापरतात, त्यात १५९७ हे तळाचे वर्ष आहे. दुसरी वाट ग्रंथांची. ऑव्हिडच्या ‘मेटामॉर्फोसिस’मधला महापूर आणि महामारी शेक्सपिअरच्या वाचनात होती, गोल्डिंगचे इंग्रजी भाषांतर १५६७ मध्ये पूर्ण निघाले होते. दोन्ही वाटा बरोबर आहेत. पण पाऊस खरा होता की पुस्तकातला, याच्या वादात हे भाषण कोण कोणाला उद्देशून करते आहे हे पाहायचे राहून जाते.

इथे मराठीतले तीन शब्द आपल्या उपयोगी पडतील. कुरकुर कोणालाच उद्देशून नसते. माणूस छत्री झटकतो आणि पुटपुटतो. तक्रार कोणा अधिकाऱ्याकडे केली जाते. तिसरा शब्द गाऱ्हाणे. कोकणात ग्रामदेवतेपुढे गावातला मानकरी साऱ्या गावाच्या वतीने मोठ्याने गाऱ्हाणे घालतो : पीकपाणी नीट होऊ दे, रोगराई टळू दे, कोणाचे चुकले असेल तर पदरात घे. बोलणारा एक असतो आणि प्रत्येक वाक्याला बाकीचे दुजोरा देतात. टायटेनियाच्या भाषणातला मजकूर अगदी या गाऱ्हाण्याचा आहे : पीक, गुरे, रोग, सण. फक्त ते घालते आहे खुद्द देवता. आणि भाषणाच्या अखेरीस ती सांगून टाकते की ही सगळी पिडा आपल्या दोघांच्या भांडणातून जन्मली, आपणच तिचे आईबाप. ज्यांचा घाम फुकट गेला त्यांतला एकही माणूस तिथे उभा नाही. देवतेने भक्तांच्या वतीने दुसऱ्या देवतेला, गुन्हा कबूल करून, घातलेले हे गाऱ्हाणे आहे. त्याला दुजोरा द्यायला रंगमंचावर कोणी नसते. तो द्यायचा असेल तर प्रेक्षकांनीच. त्या काळच्या लंडनच्या खुल्या नाट्यगृहांत एक पेनी देऊन आलेला प्रेक्षक आभाळाखाली उभा राहून नाटक पाहत असे, हे लक्षात ठेवा.

ओबेरॉनचे उत्तर थंड आहे. मग तूच सुधार, तुझ्याच हातात आहे. मी फक्त एक लहान मुलगा मागतो आहे. हा मुलगा भारतीय आहे. त्याची आई टायटेनियाची भक्त होती. भारताच्या मसाल्यांचा वास भरलेल्या हवेत दोघी समुद्रकाठच्या पिवळ्या वाळूवर बसून व्यापारी जहाजे पाहत, वाऱ्याने फुगलेली शिडे पाहून हसत, कारण तीही तशीच पोटुशी होती. बाळंतपणात ती गेली. म्हणून टायटेनिया मुलगा सोडत नाही. आता दोन्ही भाषणे शेजारी ठेवून वाचा. दोन्हींत वारा आहे. इंग्लंडमध्ये तो धुके ओढून आणतो, भारतात शिडे फुगवतो. टायटेनियाच्या मनात भारत म्हणजे मैत्रीण, भरलेले पोट, भरलेली जहाजे. इंग्लंड म्हणजे रिकामा मेंढवाडा. (हे नाटक प्रथम १६०० मध्ये छापले गेले, आणि त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली. यावरून फार मोठा निष्कर्ष काढू नका. तारखा जवळ आहेत एवढेच.) तिची निष्ठा खरी आहे. गेलेल्या एका बाईला दिलेल्या शब्दासाठी ती असंख्य जिवंत माणसांची शेते बुडू देते, आणि आपण तसे करतो आहोत हे तिला ठाऊक आहे. तिला केवळ हट्टी बायको ठरवणाऱ्या उत्तरपत्रिका मी पुष्कळ वाचल्या आहेत. संहिता इतकी सोपी नाही.

शिवाय हे हवामान त्यांच्या हातातले आहे, याचा पुरावा नाटकच देते. तिसऱ्या अंकात दोन तरुण एकमेकांवर तलवार उपसतात तेव्हा ओबेरॉन पकला हुकूम करतो की तारे झाकून टाक, काळेकुट्ट धुके उतरव. धुके लगेच उतरते, काम झाल्यावर हटते. अथेन्सच्या दोन खानदानी पोरांसाठी जे एका रात्रीत होते, ते नांगऱ्यासाठी का होत नाही? नाटकात हा प्रश्न कोणी विचारत नाही. तुम्ही विचारू शकता.

त्याच टायटेनियाच्या कुंजात मग बॉटम येतो, गाढवाचे डोके घेऊन. सारे त्याला हसतात. पण तो काय मागतो पाहा : चांगले सुके ओट, गवताची पेंढी, मूठभर वाळलेले वाटाणे. एरवी हे गाढवाचे खाणे म्हणून विनोदी. ज्या वर्षांत धान्य शेतातच कुजले त्या वर्षांत ‘सुके’ या विशेषणावर प्रेक्षक नुसताच हसला असेल असे मला वाटत नाही. टायटेनिया त्याला खारीच्या साठवणीतले ताजे दाणे आणवून देऊ करते. याआधी जर्दाळू, द्राक्षे, अंजीर, तुती देऊन झालेली आहेत. राणीच्या कोठारात टंचाई नाही.

साठवण हा त्या काळात फार नाजूक शब्द होता. १५९६ च्या नोव्हेंबरमध्ये ऑक्सफर्डशायरमध्ये धान्याचे भाव आणि जमिनींना घातलेली कुंपणे यांविरुद्ध बार्थोलोम्यू स्टीअर नावाच्या सुताराने उठाव ठरवला. एन्स्लो टेकडीवर मोजकीच माणसे जमली आणि उठाव फसला, तरी पुढे दोघांना मृत्युदंड झाला. सरकार दुसरीकडे साठेबाजांच्या मागे होते. फेब्रुवारी १५९८ मध्ये स्ट्रॅटफर्ड गावात कोणाच्या घरी किती धान्य आणि माल्ट आहे याची यादी झाली. त्या यादीत विल्यम शेक्सपिअरच्या नावापुढे दहा क्वार्टर माल्ट नोंदले आहे, म्हणजे ऐंशी बुशेल. माल्ट म्हणजे बिअरसाठी मोड आणून वाळवलेला जव. घरोघरी बिअर गाळली जाई, म्हणून केवळ या नोंदीवरून त्याला साठेबाज ठरवणे घाईचे होईल. पण नांगऱ्याच्या फुकट गेलेल्या घामाबद्दल लिहिणाऱ्या माणसाच्या घरी सुका जव होता, हेही त्या भाषणाशेजारी ठेवून वाचायला हवे.

भांडण मिटते ते कसे, हे तुम्हाला माहीत आहे. टायटेनियाच्या डोळ्यांत फुलाचा रस पिळला जातो आणि त्या भ्रमात ती मुलगा देऊन टाकते. दोघे हात धरून नाचतात. ऋतू जागेवर आले, पूर ओसरला, असे कोणीही म्हणत नाही. पाचव्या अंकाचा शेवट काढा. मध्यरात्र झाली आहे. पक एकटा येतो आणि रात्रीचे वर्णन करताना नांगऱ्याची आठवण काढतो. दिवसभराच्या कामाने पार थकून तो घोरतो आहे. टायटेनियाच्या भाषणानंतर तो नाटकात पुन्हा येतो तो इथेच, आणि झोपेत. मग ओबेरॉन साऱ्या पऱ्यांना आज्ञा देतो : शेतावरचे दव घ्या आणि राजवाड्याची एकेक खोली पवित्र करा.