बुडण्याला लागणारा वेळ

पाणबुडीच्या खेळांत जहाज नेमके कशाने बुडते? २००७ साली आलेल्या ‘सायलेंट हंटर ४’च्या मूळ रूपात उत्तर सोपे आहे: गुण संपल्याने. टॉर्पेडो लागला की जहाजाचे गुण घटतात. पाणी आतही शिरते, पण निकाल बहुधा त्या आकड्यावरच लागतो. हे खटकलेल्या खेळाडूंनी ‘नॅचरल सिंकिंग मेकॅनिक्स’ हा मॉड केला आणि निकाल पाण्याच्या हाती दिला.

गेवराईत, समुद्रापासून तीनशेक किलोमीटरवर बसून मी तो खेळतो. त्यातली मोठी गोष्ट म्हणजे वाट पाहणे. नाळेजवळच्या कप्प्यात पाणी भरले की जहाज हळूहळू नाक खाली घालते. एकाच कुशीला दोन घाव बसले, तर ते त्या अंगाला झुकते. कधी तासन्‌तास तरंगत राहते. मूळ खेळात शिकार फुग्यासारखी फुटायची. इथे आपण केलेले आपल्याला बघत बसावे लागते. अर्थात, घड्याळ पळवायची कळ हाताशी असतेच, आणि मीही ती दाबतो.

तरीही या ‘नैसर्गिक’ बुडण्यात एक गोष्ट राहून गेली आहे: माणसांचे वजन.

१७ जुलै १९४७ रोजी ‘रामदास’ बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून अधिक माणसे गेली. तिला कोणी टॉर्पेडो मारला नव्हता. वारा, उसळलेला समुद्र, डेकवर आलेले पाणी आणि घाबरून एका बाजूला धावलेले उतारू, असेच वर्णन वाचलेल्यांकडून येते.

यामागचे शास्त्र अवघड नाही. बोट कलली की बुडालेली बाजू जास्त पाणी सारते. त्या पाण्याचा वरचा रेटा बोटीला पुन्हा सरळ करू पाहतो. पण शेकडो माणसे त्याच बाजूला गेली, तर बोटीचा गुरुत्वमध्यही तिकडे सरकतो आणि सरळ करणारा जोर संपत जातो. डेकवर मोकळे फिरणारे पाणी हेच करते. म्हणजे गर्दी ही बोटीच्या दृष्टीने वाहत्या पाण्यासारखीच.

मॉडमध्ये पाणी सरकते, माणसे सरकत नाहीत. मालवाहू जहाजावर खलाशी मोजकेच. त्यांच्या वजनाने जहाज हलणार नाही, हा बचाव मला मान्य आहे. पण सैनिकांनी भरलेले वाहतूक जहाजही इथे रिकाम्या पत्र्यासारखेच कलते. घाबरणे हा बुडण्याचा भाग आहे, हे या गणितात कुठेच येत नाही.

आमच्याकडे हे नावाड्याला कळते. शहागडचा पूल दूर पडतो अशा गावांत गोदावरी ओलांडायला होडीच असते. नावाडी आधी माणसे बसवतो: अंगाने जड ती मधे, पोरे खाली, उभे कोणीच नाही. मग वल्हे उचलतो. मध्यावर पाणी उडाले की तो पाण्याकडे बघत नाही. आमच्याकडे बघून ओरडतो, “हलू नका!”