‘अचूक’ म्हणजे किती अचूक?

मुलांच्या चेहऱ्यातील जन्मजात दोषांवर संगणकाच्या मदतीने दुर्बिणीतून होणाऱ्या शस्त्रक्रियांची वर्णने मासिकांतून व वृत्तपत्रांतून वाचायला मिळतात. बहुतेकांचा सूर एकच: संगणकाने वाट दाखवली, शस्त्रक्रिया अचूक झाली. किती अचूक, हे मात्र क्वचितच सांगितलेले असते. विज्ञानाच्या शिक्षकाला तरी पहिला प्रश्न हाच पडायला हवा.

एक उदाहरण घेऊ. सुमारे पाच ते आठ हजार जन्मांमागे एका मुलाच्या नाकाची घशाकडे उघडणारी मागची वाट हाडाने किंवा पडद्याने बंद असते. तान्हे मूल मुख्यतः नाकानेच श्वास घेते. दोन्ही बाजू बंद असल्या तर ते निळे पडते. रडू लागले की तोंड उघडते आणि पुन्हा गुलाबी होते. हा अडथळा नाकपुडीतून बारीक दुर्बीण घालून काढतात. काम काही मिलिमीटर रुंदीच्या जागेत चालते आणि वरच्या बाजूला कवटीचा तळ व त्यापलीकडे मेंदू असतो.

येथे संगणक काय करतो? आधी काढलेल्या सीटी स्कॅनवरून तो डोक्याचे त्रिमितीय चित्र तयार करतो. मग चेहऱ्यावरील ठरावीक बिंदू आणि चित्रातील तेच बिंदू यांची जुळणी करतात. एका रेषेत नसलेले तीन बिंदू जुळले की सारे डोके चित्राशी जुळते. अधिक बिंदू घेतल्यास चूक कमी होते. शाळेतल्या निर्देशक भूमितीचाच हा विस्तार आहे, आणि लेखांतून नेमका हाच भाग गळतो! त्यानंतर हत्याराचे टोक कोठे आहे ते पडद्यावर दिसते. ते ओळखण्यासाठी अवरक्त कॅमेरे किंवा चुंबकीय क्षेत्र वापरतात. तान्ह्यांची कवटी पातळ असल्याने डोके खिळ्यांच्या चौकटीत आवळता येत नाही, म्हणून त्यांच्यासाठी चुंबकीय पद्धत सोयीची ठरते.

या जुळणीत साधारण एक ते दोन मिलिमीटरांची चूक राहते. प्रौढाच्या कवटीत ती लहान आहे. तान्ह्याच्या नाकात मात्र तीच चूक वाटेच्या रुंदीच्या तुलनेत मोठी ठरते. शिवाय हा नकाशा जुना असतो. हाड कोरून काढले तरी पडद्यावर ते जागच्या जागी दिसत राहते. नवे स्कॅन काढता येते, पण क्ष-किरणांचा धोका मुलांना अधिक असतो. दुर्बीण आत्ताचे दाखवते, संगणक मघाचे. दोघांत तफावत दिसली तर कोणावर विश्वास ठेवायचा, हे शस्त्रवैद्यच ठरवतो. ‘संगणकाने केलेली शस्त्रक्रिया’ हा शब्दप्रयोग मला म्हणूनच खटकतो. पॉल टेसिये या फ्रेंच शस्त्रवैद्यांनी दूर-दूर असलेल्या डोळ्यांच्या खोबण्या कापून जवळ आणण्याच्या शस्त्रक्रिया १९६७ साली रोमच्या परिषदेत मांडल्या, तेव्हा असा नकाशा नव्हता.

संगणकामुळे धोका कमी होतो, हे नाकारायचे कारण नाही. विशेषतः जेथे शरीररचनाच नेहमीसारखी नसते, तेथे तो फार उपयोगी पडतो. पण लेख शस्त्रक्रियागृहाच्या दारात संपतात. उघडलेली वाट भरून येताना पुन्हा आखडू शकते आणि मुलाचा चेहरा वाढतच असतो. त्या मुलाला पुढच्या वर्षभरात पुन्हा किती वेळा भूल द्यावी लागली, याची नोंद अशा लेखांत सहसा सापडत नाही.