पाणी : आज्ञार्थ आणि नाते
जोआन रॉबर्टसन यांच्या ‘द वॉटर वॉकर’ (२०१७) या बालपुस्तकात ओजिब्वे आजी जोसेफीन मँडामिन तांब्याच्या बादलीत पाणी घेऊन महासरोवरांभोवती चालते. तेथे पाणी उपदेशाचा विषय नसून कथेतील आप्त ठरते. आपल्या बालवाङ्मयातील पाणी बहुधा ‘जपून वापरा’ या आज्ञार्थातच अडकते. वस्तुतः ठाणे-पालघरच्या वारली परंपरेत पर्जन्याचा नारनदेव आहे, धान्याची कणसरी आहे. आपण त्यांतले चित्र तेवढे भिंतीवर टांगले, कथा मागेच ठेवली. अर्थात नारनदेवाला पाठ्यपुस्तकात बसवून (तेही आपण करूच!) प्रश्न सुटत नाही. अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याणमधून वाहत उल्हासेला मिळणारी वालधुनी जी मुले नाला म्हणूनच ओळखतात, त्यांच्याशी ती कोणत्या निवेदनातून नदी म्हणून बोलेल, हा प्रश्न मुळात वाङ्मयीन आहे.