एकट्या वाचकाचं भौतिकशास्त्र

पदवीचं भौतिकशास्त्र शिक्षकाविना शिकू पाहणाऱ्याच्या हाती बहुधा प्रथम फाइनमनचे तीन खंड दिले जातात. ही शिफारस मला घातक वाटते, आणि तीही या ग्रंथाच्या थोरवीमुळेच. ऊर्जेची अक्षय्यता सांगताना फाइनमन एका मुलाचे २८ ठोकळे घेतो. काही खिडकीबाहेर गेलेले, काही बंद पेटीत, काही टबातल्या गढूळ पाण्यात. आई पेटीचं वजन करते, पाण्याची पातळी मोजते आणि बेरीज पुन्हा २८ भरते. मग तो म्हणतो की ऊर्जेच्या बाबतीत ठोकळेच नाहीत, उरतात ती फक्त बेरजेची पदं. इतकं सुंदर स्पष्टीकरण क्वचितच सापडेल. पण प्रकरण मिटल्यावर याच वाचकाला उतारावरून घरंगळणाऱ्या गोळ्याचा वेग काढायला सांगा. पेन जागचं हलत नाही.

दोष वाचकाचा नाही. ही कॅल्टेकमध्ये १९६१ ते १९६३ या काळात दिलेली व्याख्यानं. तिथे व्याख्यानाच्या जोडीला उदाहरणं सोडवून घेणारे वर्ग होते. आपल्या विद्यार्थ्यांना याचा कितपत उपयोग झाला, याविषयी फाइनमननेच प्रस्तावनेत शंका नोंदवली आहे. उदाहरणं कशी सोडवावीत यावरची त्याची व्याख्यानं तर या खंडांत घेतलीच नव्हती. ती पुस्तकरूपाने आली २००६ साली. थोडक्यात, एकट्या वाचकाला वर्ग मिळतो, सराव मिळत नाही.

याच्या नेमकं उलट टोक म्हणजे इरोदोव. मीर प्रकाशनाचं हे पुस्तक आपल्याकडे प्रवेशपरीक्षांच्या धाकाने घरोघरी पोचलं. त्यात उदाहरणंच उदाहरणं, मागे उत्तरं, बोलणं जवळजवळ नाही.

विद्युतचुंबकत्वावर १९६५ साली आलेलं पर्सेलचं पुस्तक मला अधिक मोलाचं वाटतं. चुंबकीय बल हे वेगळं गृहीतक न मानता, ते स्थिर विद्युतबल आणि सापेक्षता यांतून निघतं हे तो दाखवतो. तारेजवळून धावणाऱ्या प्रभाराच्या दृष्टीने तारेतल्या धन आणि ऋण प्रभारांची घनता सारखी राहत नाही, एवढ्यावरून. हे पटायला कागदावर स्वतः करावं लागतं, तेही दोनदा. जुन्या आवृत्त्यांतली एककं मात्र आजच्या वाचकाला छळतात. मॉरिनने २०१३ च्या तिसऱ्या आवृत्तीत एककं बदलली आणि सविस्तर उत्तरांसह पुष्कळ उदाहरणं घातली. एकट्याने शिकणाऱ्याने घ्यायची ती हीच.

ग्रिफिथ्सची भाषा शेजारी बसून बोलावं तशी, जरा थट्टेखोर. विद्युतगतिकीच्या पुस्तकात आधी सदिश गणिताचं आख्खं प्रकरण येतं आणि उदाहरणं मजकुराच्या मधेच पेरलेली असतात, त्यामुळे ती टाळून पुढे सरकताना अपराधी वाटतं. बहुतेकांची उत्तरं मात्र पुस्तकात नाहीत. वर्गात ही उणीव जाणवत नाही. एकट्याला आपलं चुकलं कुठे हेच कळत नाही. म्हणून पर्सेल-मॉरिन आधी, ग्रिफिथ्स नंतर. फाइनमनचं त्या विषयावरचं प्रकरण काढावं ते वहीची दहा-वीस पानं भरल्यावर.