‘चक्र’ आणि झोपडीपलीकडचा माणूस

जयवंत दळवी यांची ‘चक्र’ ही कादंबरी 1963 सालची. तिच्यावरून रवींद्र धर्मराज यांनी काढलेला हिंदी चित्रपट 1981 चा. स्मिता पाटील यांची अम्मा अनेक वाचकांच्या स्मरणात असेल. कादंबरीचे मोठेपण आम्हांस मान्य आहे. दळवींनी झोपडपट्टीतल्या माणसांना दयेचे धनी केले नाही. त्यांची भूक, वासना, हाव आणि माया जशीच्या तशी मांडली. चित्रपटात अम्माचा नवरा झोपडीसाठी पत्रे चोरताना गोळीला बळी पडतो. घर म्हणजे काय, हे त्या पत्र्यावरून जेवढे कळते तेवढे व्याख्यानांतून कळत नाही.

तरीही आमची एक तक्रार आहे. येथे अधोगतीची शेवटची पायरी झोपडी आहे. पण झोपडीला शेजार असतो, भांडण असते, नावाने हाक मारणारे कोणी असते. अंबरनाथ पश्चिमेला रात्री बंद दुकानाच्या पायरीवर अंग टाकणाऱ्याला तेही नसते. मराठी कथेत तो बहुधा गर्दी म्हणूनच येतो.

कायद्यानेही त्याला अर्धेच पाहिले. 1981 च्या पावसाळ्यात शासनाने मुंबईतील पदपथवासीयांना हुसकावण्याचे ठरविले. ओल्गा टेलिस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1985 साली उपजीविकेला जगण्याच्या हक्कात स्थान दिले, मात्र पदपथ मोकळे करण्यास मनाई केली नाही. (निकालाचा हा दुसरा भाग सोयीने विसरला जातो.) पुढे राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने एक लाख वस्तीमागे किमान शंभर जणांच्या निवाऱ्याची सोय असे प्रमाण घातले. 2011 च्या जनगणनेत अंबरनाथची लोकसंख्या अडीच लाखांवर होती. हिशेब वाचकांनीच करावा. शेजारच्या उल्हासनगरात फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना लष्करी बराकी मिळाल्या होत्या, म्हणजे मनात आले तर छप्पर सापडते.

याच लोहमार्गावर पुढे कर्जत आहे. तेथे डॉ. भरत वाटवानी यांच्या श्रद्धा संस्थेचे केंद्र रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना आणते, उपचार करते आणि शक्य तेव्हा घरी पोहोचविते. 2018 साली डॉक्टरांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आम्हांस मात्र त्यातला कथेचा भाग अधिक मोलाचा वाटतो: औषधोपचारानंतर माणूस हळूहळू आपले नाव सांगतो, मग गाव सांगतो, आणि ज्यांनी त्याची आशा सोडलेली असते त्यांच्या दारात तो उभा राहतो. ते दार उघडतेच असे नाही.

हा विषय पेलणारी लेखणी दळवींपाशी होती. वेडाचे भय त्यांनी ‘बॅरिस्टर’ नाटकात रंगविले होते. पण दळवी 1994 साली गेले. कर्जतचे केंद्र उभे राहिले 2006 साली.